कोअरकर

मोठ्या बँकेचं डेटा सेंटर म्हटलं की तिथे एक तरी कोअरकर असतोच. महाप्यात असतो, ऐरोलीत असतो, रबाळ्यात असतो; हिंजवडीत असला तर जरा इंग्रजी जास्त बोलतो. त्याचं खरं आडनाव पगाराच्या स्लिपवर आणि चेंज तिकिटावर असतं, एरवी ते कोणाच्या तोंडी येत नाही. आमच्याकडे तर नवा सिक्युरिटी गार्डसुद्धा आठवडाभरात ‘कोअरकरसाहेब’ म्हणायला लागला आणि साहेबांनी ‘ओ’ दिली.

डेटा सेंटरमध्ये प्रत्येकाच्या ताब्यात काहीतरी असतं. सर्व्हर एकाचा, स्टोरेज दुसऱ्याचं, नेटवर्क तिसऱ्याचं. डेटाबेस चौघांत मिळून असतो, आणि बिघडला की चौघांपैकी कोणाचाच नसतो. कोअरकरांच्या ताब्यात यातलं काही नाही. त्यांच्या ताब्यात परवानगी आहे. कुठल्या मशीनच्या प्रोसेसरमधल्या किती कोअरनी आज जागं राहायचं आणि किती कोअरनी झोपून राहायचं, याचा हिशेब ते ठेवतात. हे काम ऐकायला फालतू वाटतं. पण एखाद्या रात्री मशीन पडतं, आणि मग ज्याला त्याला कोअरकर हवे असतात.

मे महिन्यात घणसोली स्टेशनवरून चालत घामाघूम होऊन येतात आणि आत शिरल्या शिरल्या अर्ध्या बाह्यांचा मरून स्वेटर चढवतात. खिशाला दोन पेनं: निळं दिलेल्याची नोंद करायला, लाल परत आलेल्याची. चहा अर्धाच घेतात, कारण पूर्ण कपाची गरज त्यांना कधी सिद्ध करता आलेली नाही.

आता हा झोपलेल्या कोअरचा प्रकार काय आहे ते सांगायला हवं. बाहेरच्या माणसाला तो पटत नाही, आतल्यालाही पहिली दोन वर्षं पटत नाही. आयबीएमची ‘पॉवर’ नावाची मोठी मशीनं असतात. अशा एका मशीनमध्ये समजा ६४ कोअर बसवलेले आहेत, पण आपण पैसे भरले ४० कोअरचे. उरलेले २४ कारखान्यातूनच आत बसून आलेले असतात, फक्त त्यांना उठायची मुभा नसते. उद्या धंदा वाढला की पैसे भरायचे, कोड टाकायचा, कोअर उठतो. नवं मशीन नको, ट्रक नको, सोसायटीच्या गेटवर क्रेन अडकायला नको. विकणाऱ्याची सोय आहेच, घेणाऱ्याचीही आहे. तरी आपल्याच रॅकमध्ये आपल्याच विम्याखाली असलेली वस्तू आपल्याला चालत नाही, हे पचायला जड जातं.

दरवर्षी एखादा नवा मुलगा येतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो.

“सर, म्हणजे चोवीस कोअर आपल्याकडेच पडून आहेत?”

“लोखंड आपल्याकडे आहे. उठवायचा हक्क नाही.”

“पण सर, गपचूप उठवले तर कोणाला कळणार?”

यावर कोअरकर चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात. “मशीनला कळतं,” म्हणतात. आणि मुलाचं नाव मनातल्या मनात एका वेगळ्या यादीत घालतात.

खरी गंमत दोन मशीनं असली की सुरू होते, आणि बँकेत दोन असतातच. एका इमारतीत ‘अ’, पलीकडच्या इमारतीत ‘ब’. रोजचा कोअर बँकिंगचा गाडा ‘अ’ ओढतं. ‘ब’वर टेस्टिंग, रिपोर्ट असली किरकोळ कामं. ‘अ’ पडलं की क्लस्टरचं सॉफ्टवेअर सगळा कारभार ‘ब’वर उभा करतं. याला फेलओव्हर म्हणतात, आणि साहेब लोकांच्या सादरीकरणात तो एका बाणाने पूर्ण होतो. पण ‘ब’वर उभा राहिलेला हा संसार चालवायला तिथे कोअर जागे पाहिजेत. ‘ब’मध्ये कोअर भरपूर आहेत, झोपलेले. मग दोन्हीकडच्या सगळ्या कोअरचे पैसे भरून ठेवायचे? ज्या रात्री ‘अ’ मेलेलं असतं त्या रात्री ‘अ’चे हक्क कोण वापरतंय? कोणीच नाही. तेच उचलून ‘ब’ला द्यावेत, इतकं साधं आहे. फक्त हे साधं होईपर्यंत २०१३ साल उजाडलं.

त्याआधी ॲक्टिव्हेशन मशीनच्या सीरियल नंबरला चिकटलेलं असायचं. एकदा ‘अ’ला दिलं की जन्माचं ‘अ’चं. जास्तीचा कोअर उठवायचा तर विक्रेत्याकडून चौतीस अक्षरांचा कोड यायचा, हेक्साडेसिमल, म्हणजे शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ ही सहा अक्षरं. तो कोड मशीनच्या कन्सोलवर बिनचूक टाकायचा. कोअरकरांची जडणघडण त्या काळातली. त्या काळात मशीनच्या खोलीत मोबाईल न्यायला बंदी होती, त्यामुळे बाहेरून ते इंटरकॉमवर कोड सांगायचे आणि आतला मुलगा टाइप करायचा. आठ आणि बी यांत घोळ नको म्हणून त्यांनी गावं ठरवली होती. ए अलिबाग, बी बारामती, सी चिपळूण, डी दापोली. ई ला अडले होते, मग त्यांना एरंडोल सापडलं. राहिला एफ.

“एफ फलटण,” ते म्हणाले.

आतला मुलगा खुद्द फलटणचा. आपल्या गावाचं स्पेलिंग त्याला पाठ. त्याने पी दाबला. हेक्साडेसिमलमध्ये पी नसतो. कन्सोलने कोड नाकारला. पुन्हा सगळी अक्षरं, अलिबागपासून. पुन्हा फलटण, पुन्हा पी. पलीकडे मॅनेजर, त्याच्यामागे त्याचा मॅनेजर, आणि कोअरकर शांतपणे महाराष्ट्राचा दौरा करताहेत. तिसऱ्या वेळी मुलगा म्हणाला, “साहेब, गाव बरोबर आहे, मशीनच चुकतंय.” तेव्हापासून आमच्याकडे एफ फॉर फेलओव्हर.

२०१३ मध्ये एंटरप्राइज पूल आला आणि हक्क मोबाइल झाले. म्हणजे काही कोअर मशीनला कायमचे बांधलेले, त्यांना स्टॅटिक म्हणायचं. आणि उरलेले पुलातले, आज इकडे तर उद्या तिकडे. पुलात कुठली मशीनं आहेत याची फाइल विक्रेत्याकडून येते, ती एचएमसीवर चढवायची. एचएमसी म्हणजे या सगळ्या मशीनांवर नजर ठेवणारं एक वेगळं लहानसं मशीन. त्यावर एक कमांड दिली की ‘अ’चे बारा कोअर कमी आणि ‘ब’चे बारा जास्त. कोड नाही, गावं नाहीत. इतर कोणीही माणूस या सुधारणेने सुखावला असता. कोअरकर चिंतेत पडले. चौतीस अक्षरांच्या कोडाची भीती होती तोवर कोणी उगाच कोअर मागत नव्हतं. आता प्रत्येकाला वाटायला लागलं की कोअर म्हणजे काय, कमांड मारली की मिळतो.

नव्या मुलांना पूल समजावताना त्यांचा एकच दाखला असतो, आणि तो मी इतक्यांदा ऐकला आहे की मलाही दुसरा सुचत नाही. घरात लग्न निघालं की शेजाऱ्यांकडून मोठी पातेली आणतात. प्रत्येकावर मालकाचं नाव कोरलेलं असतं. लग्न लागतं, पंगती उठतात, पाहुणे जातात. “आणि मग?” कोअरकर बोट उगारून विचारतात. मुलं गप्प. “मग पातेलं आपल्याच घरात राहतं. कारण आणायला चार जण धावतात आणि परत द्यायला कोणी जात नाही.”

कोअरकर नावाच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. जगाला फेलओव्हरची भीती वाटते, यांना फेलबॅकची. जगाला वाटतं मशीन पडलं तर काय होईल. यांना वाटतं, उठलं तर काय होईल.

त्यांची भीती अगदीच पोकळ नाही, हे मला मान्य करावं लागतं. मशीन साफ मेलं तर प्रश्न नाही. त्याची पार्टिशनं, म्हणजे मशीनमध्ये पाडलेले वेगवेगळे कप्पे, बंद, कोअर मोकळे, हक्क उचलले आणि दुसऱ्याला दिले. त्रास अर्धमेल्याचा असतो. ‘अ’वरचा मुख्य डेटाबेस पडलाय, पण त्याच मशीनवर बाजूचं एखादं पार्टिशन अजून धुगधुगतंय आणि चार कोअर धरून बसलंय. तुम्ही घाईत सगळे हक्क ‘ब’ला दिले. एचएमसी अडवत नाही, ही त्यातली फसवी गोष्ट आहे. ती ‘ब’ला कोअर देते आणि ‘अ’च्या नावापुढे एक शब्द लिहून ठेवते: ‘अनरिटर्न्ड’. एकच हक्क आता दोन घरी जेवतोय. तिथून अठ्ठेचाळीस तास मोजायला सुरुवात होते. त्या मुदतीत आणलेलं परत नाही केलं तर पूल नियमाबाहेर गेला असं जाहीर होतं आणि पुढची देवघेव अडते.

‘अनरिटर्न्ड’ हा शब्द स्क्रीनवर दिसला की कोअरकरांना भूक लागत नाही.

पुढे क्लस्टरचं सॉफ्टवेअर शहाणं झालं. पॉवरएचए नावाच्या त्या सॉफ्टवेअरच्या ७.२ आवृत्तीपासून ते हे काम आपलं आपण करू शकतं. पार्टिशन दुसरीकडे उठवायची वेळ आली की आधी त्याच मशीनवर कुठले कोअर मोकळे आहेत ते बघतं. पुरले नाहीत तर पुलातून मागतं. तरीही कमी पडले तर शेवटी ‘ऑन-ऑफ’, म्हणजे रोजाने भाड्याचे घेतं. परत देताना क्रम उलटा: आधी भाड्याचे सोडायचे, मग पुलाचे, घरचे सगळ्यात शेवटी. हा उलटा क्रम कोअरकरांनी मॅन्युअलमध्ये वाचला तेव्हा ते खुर्चीतून उठले. “लिहिणाऱ्याची आई कडक असणार,” म्हणाले. सॉफ्टवेअरबद्दल त्यांनी काढलेला हा एकमेव गौरवोद्गार.

भाड्याच्या कोअरला मात्र ते हात लावू देत नाहीत. तो हिशेब दिवसावर असतो, कोअरमागे एक दिवस. दहा मिनिटं वापरला तरी दिवस भरला. आमचे एक साहेब एकदा ब्रिज कॉलवर बोलून गेले, “अहो, थोड्या वेळासाठी ऑन-ऑफ घ्या ना.” कोअरकर म्हणाले, “साहेब, त्यांच्याकडे थोडा वेळ नावाचं माप नाही.”

इथवर झाली लोखंडाची गोष्ट. त्याच्या डोक्यावर सॉफ्टवेअरचं लायसन बसलेलं असतं, आणि ते लोखंडाचं काही ऐकत नाही. ओरॅकल डेटाबेस कोअरवर मोजतात, आणि प्रत्येक जातीच्या कोअरचं वजन वेगळं. इंटेलच्या बहुतेक कोअरला ०.५, पॉवरच्या गेल्या काही पिढ्यांना १. म्हणजे इंटेलचे दोन कोअर तेव्हा एक लायसन, पॉवरचा एक कोअर तेव्हाही एकच. ‘ब’ला बारा कोअर दिले म्हणजे आयबीएमचा प्रश्न मिटला. ओरॅकलचा तिथून सुरू होतो: तिथे डेटाबेस चालवायचं लायसन कुठाय?

त्याला एक सवलत आहे. एकाच डिस्कवर बसलेल्या क्लस्टरमध्ये एक राखीव मशीन लायसनशिवाय वापरता येतं, वर्षात एकूण दहा वेगवेगळे दिवस. कंपनीने उदाहरणही दिलंय: मंगळवारी दोन तास आणि शुक्रवारी तीन तास मशीन पडलं, तर ते दोन दिवस धरायचे. पाच तास नव्हेत. कोअरकर हे उदाहरण स्तोत्रासारखं म्हणतात आणि टेबलामागच्या कालनिर्णयावर त्याचं पालन करतात. एकादशी, संकष्टी यांच्या खुणा छापील; फेलओव्हरच्या यांच्या हाताच्या. “यंदाचे सहा गेले, चार आहेत,” असं ते ऑगस्टमध्ये कॅन्टीनमध्ये बोलले तेव्हा एच्‌आरच्या बाईंना वाटलं किरकोळ रजेबद्दल बोलताहेत. त्यांनी सहानुभूती दाखवली. कोअरकरांनी ती घेतली.

मशीनने पडूच नये असा त्यांचा आग्रह नाही. पडायचंच असेल तर सकाळी पडून संध्याकाळपर्यंत उठावं, मध्ये मध्यरात्र घेऊ नये. रात्री साडेअकराला पडून पहाटे उठणाऱ्या मशीनबद्दल ते चारित्र्यहीन माणसाबद्दल बोलावं तसं खालच्या आवाजात बोलतात, कारण वाद नको म्हणून अशा रात्रीचे ते दोन दिवस धरतात. एकदा डेटाबेस टीमच्या मॅडमनी सांगून पाहिलं की हार्डवेअरला कॅलेंडर कळत नाही. “नसेल कळत,” कोअरकर म्हणाले, “ऑडिटरला कळतं.”

हैदराबादवर त्यांचा राग आहे. भूकंपाच्या आणि पुराच्या हिशेबात वेगळं पडणारं दुसरं केंद्र बँका लांब ठेवतात, आमचं तिथे आहे. ज्यांनी २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडलेला पाहिलाय त्यांना लांबच्या केंद्राचं महत्त्व सांगावं लागत नाही. कोअरकर त्या रात्री कुर्ल्याला पुलावर होते. तरीही. तिथे डिस्क वेगळी, म्हणून दहा दिवसांची सवलत लागू नाही, म्हणून तिथल्या डेटाबेसचं लायसन पूर्ण. “बसून पूर्ण पगार,” ते म्हणतात. हैदराबादचं अख्खं डेटा सेंटर त्यांच्या दृष्टीने एक जावई आहे.

मेनफ्रेमवाल्यांचा मात्र त्यांना हेवा वाटतो. त्यांच्या जुन्या दोस्ताकडे कपॅसिटी बॅकअप नावाची सोय आहे. खरोखरचं संकट आलं तर राखीव मशीनचे झोपलेले प्रोसेसर नव्वद दिवस उठवता येतात, सरावाला दहा दिवस. “नव्वद!” कोअरकर म्हणतात. “तीन महिन्यांत आपण दुसरी बँक काढू.”

सरावावरून आठवलं. रिझर्व्ह बँकेचे नोव्हेंबर २०२३ चे माहिती-तंत्रज्ञानविषयक निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. महत्त्वाच्या यंत्रणांचा डीआर ड्रिल, म्हणजे राखीव केंद्रावर जाण्याचा सराव, निदान सहा महिन्यांतून एकदा, आणि तो नावापुरता नको, राखीव केंद्रावरून कामकाजाचा एक पूर्ण दिवस तरी काढून दाखवायचा. बाकी सगळे या वाक्यातल्या ‘सहा महिने’ या शब्दांवर अडकले. कोअरकर ‘पूर्ण दिवस’ या शब्दांवर.

त्यांना खऱ्या अर्थाने पाहायचं असेल तर आमच्या घरच्या ड्रिलच्या रात्री पाहावं, ‘अ’वरून ‘ब’वर जाण्याच्या. त्यांच्या हट्टापायी सगळं साडेबारानंतर सुरू होतं. मीटिंग रूममध्ये वडापावचे रिकामे कागद, भिंतीवरच्या स्पीकरमध्ये बत्तीस जण आणि त्यांतल्या एकाच्या घरचं कुत्रं. एकच्या सुमारास ‘अ’ पाडलं. हार्टबीट गेला, क्लस्टरने दखल घेतली, डिस्क पलीकडे गेल्या, डेटाबेस ‘ब’वर उठला. टाळ्या. मग दिवसअखेरचं बॅच सुरू केलं आणि ते शेळी रवंथ करते तशा चालीने चालायला लागलं, कारण ड्रिलमध्ये कोअर हलवायचं काम सॉफ्टवेअरवर सोपवायला कोअरकरांनी लेखी हरकत घेतलेली होती.

“कोअर बढ़ाओ!” स्पीकरमधून आवाज.

कोअरकरांनी रजिस्टर उघडलं. लांबोडकं, लाल कापडी पुठ्ठ्याचं, किराणा दुकानात असतं तसं. तारीख, वेळ, कोणाकडून, कोणाकडे, किती, परत कधी, सही, शेरा.

“किती?”

“सोळा करा,” डेटाबेसच्या मॅडम.

“कशाला सोळा?”

“सर, आत्ता आठ आहेत, सगळे शंभर टक्के आहेत.”

“परत कोण करणार?”

“सर, तुम्हीच करता ना नेहमी.”

“म्हणून विचारतोय.”

स्पीकरमधून एक दीर्घ श्वास ऐकू आला. उपाध्यक्षांचा होता. कोअरकरांनी निळ्या पेनाने ‘४’ लिहिलं, कमांड दिली, आणि बारा झालेल्या कोअरकडे पाहत बसले. मॅडमनी आपल्या स्क्रीनवर पाहिलं. “सर, शहाण्णव दिसताहेत! एवढे असून हळू?”

“ते धागे आहेत मॅडम. एका कोअरला आठ धागे. बारा आठे शहाण्णव. धाग्यांना लायसन नाही, म्हणून ते कितीही दिसतात.”

पाच मिनिटांनी बॅचने वेग घेतला. बारावर भागलं. मॅडमनी मागितलेल्या आठांपैकी चार वाचले आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं ते इथे. बँकेने न भरलेले पैसे कुठल्याही तक्त्यात दिसत नाहीत. पडलेलं मशीन उचलणाऱ्याला पुरस्कार असतो, मंचावर पुष्पगुच्छ असतो. चार कोअर न देणाऱ्याला फक्त टोपणनाव मिळतं. अर्थात ज्या रात्री खरोखर सोळा लागतील त्या रात्रीही ते आधी चारच देतील आणि ग्राहक एटीएमसमोर उभे राहतील, हेही मला दिसतं. तो वाद मी त्यांच्याशी घातलेला आहे. ते म्हणाले, “ग्राहक पाच मिनिटं थांबतो. बिल थांबत नाही.”

पहाटे फेलबॅक झाला. ‘अ’ उठलं, सगळं जागच्या जागी गेलं. बत्तीस जणांनी एकमेकांचे आभार मानले आणि कॅन्टीनमधला मामा पोह्यांचं पातेलं घेऊन आला. कोअरकर रजिस्टर पुढ्यात घेऊन एचएमसीसमोर बसलेले. दिलेले चार, आलेले चार. पण त्यांच्या स्क्रीनवर एक ओळ होती. ‘अनरिटर्न्ड’ दोन, आणि तेही ‘अ’चे नव्हेत, ‘ब’चे. म्हणजे रात्रीत कोणीतरी ‘ब’वर एक पार्टिशन उठवलं होतं आणि ते दोन कोअर धरून बसलं होतं.

त्यांनी शिफ्टची यादी काढली, बोट फिरवलं आणि फोन लावला. स्पीकरवर.

“बाळ, झोपलास का?”

“हो सर… कोण?”

“दोन कोअर कुठेत?”

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग नांदेडच्या एका मुलाचा आवाज, पूर्ण जागा झालेला. “सर, ते मी… टेस्टिंगवाल्या दादांनी सांगितलं होतं, ड्रिल आहे, कोणी बघत नाही, आपलं मास्किंग चालवून घे.”

“कोणी बघत नाही असं म्हणाला?”

“हो सर.”

“ठीक आहे. पार्टिशन बंद कर. मी थांबलोय.”

“सर, तीन तासांचं काम राहिलंय फक्त. आणि मुदत अठ्ठेचाळीस तासांची असते ना?”

मुलगा हुशार आहे. नियम त्याला माहीत होता. पण नियम माहीत असणं आणि मुदत ही वापरण्यासाठी असते असं समजणं, यात कोअरकरांच्या लेखी पिढ्यांचं अंतर आहे. त्यांनी घड्याळ पाहिलं. “तीन तास,” म्हणाले, “मी इथेच आहे.” पोहे गार झाले. साडेनऊला ‘ब’चे दोन कोअर सुटले, ‘अनरिटर्न्ड’ची ओळ गेली, आणि त्यांनी लाल पेनाने दोन लिहून शेऱ्याच्या रकान्यात मुलाचं नाव घातलं. पुढच्या ड्रिलला त्यांनी त्याच मुलाला मदतनीस मागून घेतलं. ते शिक्षा म्हणून होतं की कौतुक म्हणून, हे मुलाला अजून कळलेलं नाही.

हे सगळं आता जातंय. विक्रेत्याने पुलाची दुसरी पद्धत काढली आणि बँकेने ती घेतली. आता पुलातल्या मशीनांचे सगळे कोअर जागे. कोणी झोपलेला नाही, म्हणून कोणाला उठवायचं नाही. सगळ्या मशीनांची मिळून एक पायाभूत क्षमता ठरलेली असते; सगळ्यांचा मिळून वापर तिच्या आत राहिला तर वर काही देणं लागत नाही, आणि बाहेर गेला तर जास्तीचा वापर मिनिटावर मोजला जातो. ‘अ’ पडलं, भार ‘ब’वर गेला, तरी बेरीज तीच. हलवायला काही उरतच नाही. विक्रेत्याच्या तरुण मुलीने हे आमच्याकडे फळ्यावर काढून दाखवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

“मॅडम,” कोअरकरांनी हात वर केला, “म्हणजे ‘अ’कडून ‘ब’कडे गेले, तर नोंद कुठे?”

“नोंदीची गरजच नाही सर. काही जातच नाही.”

“वापर तर गेला.”

“हो, पण तो पुलात आहे.”

“कोणी दिला?”

“कोणीच नाही सर. आपोआप.”

“आणि परत?”

“परत करायचंच नाहीये सर.”

कोअरकर खाली बसले. संपूर्ण प्रशिक्षणात ते पुढे एकदाच बोलले, मिनिटाचा दर विचारला, तो लिहून घेतला आणि त्याला साठाने गुणलं, मग चोवीसने, आणि आकड्याभोवती चौकट काढली.

नव्या पद्धतीतला पहिला ड्रिल गेल्या पावसाळ्यात झाला. साडेबारालाच, ते नाही बदललं. ‘अ’ पाडलं, ‘ब’ उठलं, बॅच सुरू झालं आणि पहिल्या मिनिटापासून सुसाट पळालं. स्पीकरमधून कोणी कोअर मागितले नाहीत. मॅडमनी पोह्यांची ऑर्डर दोनलाच देऊन टाकली. उपाध्यक्ष म्हणाले, “कोअरकरजी, आज तो आप घर जा सकते थे,” आणि बत्तीस जण हसले.

कोअरकर नांदेडच्या मुलाच्या मागे उभे राहून आलेख पाहत होते. ‘अ’ची रेघ खाली आली, ‘ब’ची वर गेली. त्यांनी खुर्ची ओढली, लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर उघडलं आणि निळं पेन काढलं. तारीख. वेळ एक वाजून अकरा. कोणाकडून, ‘अ’. कोणाकडे, ‘ब’. किती, अंदाजे बारा. परत कधी, रेघ. शेऱ्याच्या रकान्यात जरा थांबले आणि लिहिलं: स्वतःहून गेले.

मग रजिस्टर मुलाकडे सरकवलं. “सही कर.”

“सर, मी काय म्हणून सही करू? मी काहीच केलं नाही.”

“साक्षीदार म्हणून,” कोअरकर म्हणाले. “आणि लाल पेन जवळ ठेव, ते पहाटे येतील.”